जवळा आणि पडद्याची स्प्रिंग

"तू हलदीला ये, मामाचा मान घे, पोटभर जेव. पन वाजवू नको," हौसाबाईनं सांगून टाकलं आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला.

परशुरामच्या हातातली खारी चहात बुडाली ती वर आलीच नाही. हौसाबाई त्याची थोरली बहीण. बाळकुमच्या कोळीवाड्यात दिलेली, आणि आता लेकीच्या, सरस्वतीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन डोंबिवलीला मानपाड्याच्या चाळीत भावाकडे आलेली. अक्षता देऊन झाल्या, आईवडिलांच्या आठवणीनं रडून झालं, चहा झाला आणि मग हे! परशुराम आठवडाभर स्प्रिंगांच्या कारखान्यात राबायचा आणि सुट्टीच्या दिवशी बेंजो पार्टीत गिटार वाजवायचा. कळव्यापासून टिटवाळ्यापर्यंत कोणाकोणाच्या हळदीला त्याने माणसं नाचवली होती. आणि सख्ख्या भाचीच्या हळदीला त्याने वाजवायचं नाही? का म्हणून?

"राग नको मानू," हौसाबाई म्हणाली. "मोहने गावची पार्टी आनतोय आम्ही. पोपटची. त्यांच्याकडं इको हाय. आवडाबायच्या पोराच्या हलदीला आलेली. काय रं तो आवाज! गिटारीला हात लावला की खाडीच्या पल्याड जाऊन परत येतो. तुझा डबा म्हंजे ठक् केलं की ठक्. संपलं. कोरडा."

"ताय, मी हात बांधून बसनार आनि मोहन्याची मानसं माझ्या सरूला नाचवनार? लोक शेन घालतील माझ्या तोंडात."

"वन्सं बोलतात त्यात खोटं काय?" परशुरामची बायको कलावती स्टोव्हजवळून म्हणाली. "कोरडाच वाजतो डबा."

घरचा भेदी म्हणतात तो हा असा. शेवटी भाऊ रडवेला झालेला बघून हौसाबाईला दया आली. "बरं. येत्या रविवारी डबा घेऊन बालकुमला ये. घुमवून दाखव. घुमला तर तू, नाय घुमला तर पोपट." एवढं बोलून ती पदर खोचून निघून गेली.

हा डबा म्हणजे वॉल्व्हचा जुना अॅम्प्लिफायर. गिटारची वायर त्यात खुपसायची, बटण दाबायचं आणि आतले काचेचे वॉल्व्ह तापून लाल होईपर्यंत गप्प बसायचं, मग आवाज. दुनियेत तोवर ट्रान्झिस्टर येऊन म्हातारे झाले होते. १९८६ साल चालू होतं. पण परशुरामचा जीव त्या वॉल्व्हवर. त्याला हात लावायची परवानगी एकट्या दामाजीला होती.

दामाजीचं मानपाडा नाक्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला रेडिओतलं बरंच कळायचं, आणि जे कळायचं नाही ते तो जास्त जोरात सांगायचा.

"स्प्रिंग," सगळी हकिगत ऐकून दामाजी म्हणाला.

"कसली स्प्रिंग?"

"इको म्हणजे स्प्रिंग. मासिकात आलेलं, मी वाचलेलं. गिटारचा आवाज स्प्रिंगच्या एका टोकाला सोडायचा. तो हलत डुलत दुसऱ्या टोकाला जातो, तिकडे आपटतो, परत येतो, परत जातो. तोवर मूळ आवाज पुढे निघून गेलेला असतो. हा मागून पोचतो. हा जो उशीर झाला ना, तोच इको."

परशुरामने डोकं खाजवलं. "आमच्या कंपनीत उशीर झाला की खाडा लावतात. आणि इथे लोक माना डोलावतात?"

"तू डोकं चालवू नको, ते माझ्यावर सोड. तू फक्त स्प्रिंग आण."

"अरे, मग काय! आपली कंपनीच स्प्रिंगची!"

दुसऱ्या दिवशी तो मुकादमाला विचारून नापास मालातली एक स्प्रिंग घेऊन आला. मनगटाएवढी जाड, स्कूटरच्या शॉकअॅब्सॉर्बरची. दामाजीने ती टेबलावर ठेवली तर टेबल कुरकुरलं. "यातून आवाज जायला हत्ती गायला पाहिजे," तो म्हणाला. मग परशुरामने पेनातली स्प्रिंग आणली. ती दामाजीने हातात घेतली आणि ती उडाली, अजून सापडलेली नाही. मग दोघं परशुरामच्या खोलीवर चहा प्यायला आले, आणि चहा पिता पिता दामाजीची नजर मोरीवरच्या खिडकीकडे गेली आणि तिथेच खिळली.

खिडकीला कलावतीने अर्धा पडदा लावला होता. फुलाफुलांचा. आणि तो पडदा, चाळीतल्या यच्चयावत पडद्यांसारखा, दोन खिळ्यांत ताणलेल्या लांबलचक बारीक स्प्रिंगवर ओवलेला होता.

"सापडली!" दामाजी कप ठेवून उभा राहिला.

"माझ्या पडद्याला हात लावाल तर बघा," कलावती म्हणाली.

"वहिनी, दोनच दिवस."

दोन दिवस नाही आणि काही नाही. खिडकीची गेली, फडताळाची गेली आणि मोरीचीही गेली. दामाजीने त्यांच्यावरचं प्लास्टिक सोललं, तिन्ही स्प्रिंगा पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात शेजारी शेजारी ताणून बांधल्या, एका टोकाला लहान स्पीकरची कॉइल डकवली आणि दुसऱ्या टोकाला जुन्या ग्रामोफोनचा पिकअप. अॅम्प्लिफायरच्या पोटात आणखी दोन वॉल्व्ह बसवले, "एक आवाज आत ढकलायला, एक पलीकडून ओढून काढायला." परशुरामला यातलं काही कळत नव्हतं, पण तो दर मिनिटाला "बरोबर, बरोबर" म्हणत होता. कलावती पडद्याविना भाकऱ्या थापत होती आणि समोरच्या खोलीतले विश्रामभाऊ खिडकीतून सांगत होते, "वहिनी, तव्यावरची करपतेय."

डबा तयार झाला. खोलीत ठेवायला जागा नव्हती म्हणून तो कॉटवर, गादीवर ठेवला. वॉल्व्ह लाल झाले. परशुरामने देवाचं नाव घेतलं आणि एक तार छेडली.

टंऽऽऽऽऽ...

आवाज भिंतीपर्यंत गेला, तिथून वळला, फडताळात शिरला, परत आला आणि हळूहळू विरला. खोली तीच, दहा बाय बाराची, पण आवाज असा की जणू लेण्यात बसून वाजवलंय. परशुरामच्या डोळ्यांत पाणी आलं. "दामाजी," तो म्हणाला, "पोपट मेला रे."

"देवळातल्यासारखं वाटतं," कलावतीनेही कबूल केलं. मग तिने उघड्या खिडकीकडे बघितलं आणि पदर सारखा केला.

रविवारी परशुराम डबा आणि गिटार घेऊन तीनचाकी टेम्पोने बाळकुमला पोचला. मांडीवर डबा घेऊन बसला होता, लहान मूल घेऊन बसावं तसा. दामाजी एक जादा फ्यूज घेऊन मागून येणार होता. निघताना त्याने बजावलं होतं, "आणि हे बघ, आभाळात गडगडलं की आधी प्लग काढायचा. वीज आली तर वॉल्व्ह जातील, आणि हे वॉल्व्ह आता कुठे मिळत नाहीत."

हौसाबाईचं घर लग्नघर झालं होतं. चिंचेवर दोन कर्णे बांधून ठेवले होते. पण लग्न असलं तरी मे महिना कोणासाठी थांबत नाही. अंगणात, अंगणापलीकडे, थेट खाडीच्या बांधापर्यंत चटयाच चटया, आणि चटयांवर बारीक कोलंबीचा जवळा वाळत घातलेला. अख्ख्या कोळीवाड्याची पावसाळ्याची बेगमी. त्यावर पाण्याचा थेंब पडला तर सगळा मातीमोल. हौसाबाईची सासू जनाबाई काठी घेऊन कावळे हाकत होती. पडवीत वर्षाचा मसाला कुटायचं काम चाललं होतं. जमिनीत पुरलेलं उखळ आणि दोन बाजूंनी हौसाबाई आणि शेजारची आवडाबाई, हातात मुसळं.

"डबा आत ठेव," हौसाबाई शिंकत म्हणाली. "बाहेर मिरची उडते. वायर करन्यांना लाव आनि वाजव, आमी ऐकतोय."

परशुरामने डबा पडवीच्या भिंतीपलीकडे, आतल्या खोलीत फरशीवर ठेवला. कर्ण्यांची वायर जोडली. दामाजीने सांगितलं होतं त्याप्रमाणे सगळी बटणं पार उजवीकडे फिरवली. आणि वॉल्व्ह तापेपर्यंत तो गिटार मांडीवर घेऊन सूर लावत बसला. बाहेर मुसळ पडलं.

धडाड्ड्डुम्म!

आवाज वरून आला. अगदी डोक्यावरून. जनाबाईची काठी हातातून गळाली. "गरजला गो! जवला काढा!" तिने जी आरोळी ठोकली ती बांधापर्यंत ऐकू गेली. घराघरांतून बाया धावल्या. चटया गुंडाळल्या, टोपल्या भरल्या, कोणाचा जवळा कोणाच्या टोपलीत गेला. आत परशुरामनेही ऐकलं. वीज! वॉल्व्ह! त्याने झडप घालून प्लग काढला.

आणि मग काही नाही. आभाळ निळंशार. एक ढग नाही.

हौसाबाईचा नवरा धाकू ओट्यावर जाळं विणत बसला होता. धाकूला आभाळ वाचता येतं अशी गावात ख्याती होती. त्याने 'जा' म्हटलं म्हणजे होड्या खाडीत जायच्या. तो अंगणात आला, बोट ओलं करून वाऱ्यात धरलं, पक्षी बघितले, पाण्याचा रंग बघितला.

"वारा बरोबर हाय. ढग नाय. बगला पन बसलाय निवांत," तो म्हणाला. "मंग गरजलं कोन?"

"तुम्ही सांगा! तुम्हीच ना आभालवाले," हौसाबाई फणकारली. बायांनी बडबडत जवळा पुन्हा पसरला. हौसाबाई मुसळाकडे वळली. आभाळ मोकळं झालं म्हणून परशुरामने प्लग लावला. वॉल्व्ह तापले. मुसळ पडलं.

धडाड्ड्डुम्म! धडाड्ड्डुम्म!

"जवला काढाऽऽ!"

पुन्हा धावाधाव. पुन्हा प्लग काढला. पुन्हा आभाळ स्वच्छ. धाकू आता मान वर करून अंगणाच्या मधोमध उभा होता आणि त्याचं तोंड उघडं पडलं होतं. इतकी वर्षं ज्याच्याशी बोलतोय तो मनुष्य अचानक भलत्याच भाषेत बोलायला लागावा, तसं त्याला वाटत होतं. "पोर होतो तवापासनं वाचतोय," तो स्वतःशीच म्हणाला. "ह्ये काय नवीन काढलंय?"

तिसऱ्या खेपेला निम्म्या बायांनी जवळ्याला शिव्या दिल्या, निम्म्यांनी धाकूला. जनाबाई मात्र विचार करत होती. म्हातारीने हळूच काठी उचलली आणि आतल्या खोलीकडे रोखली.

"ह्यो आलाय तवापासनं गरजतंय."

"मी काय केलं?" परशुराम दारात आला. "मी अजून वाजवलं पन नाय! आभाल गरजतंय म्हणून प्लग काढून बसलोय!"

"तू डबा लावला की गरजतं. डबा काढला की थांबतं. तुझा पायगुन बरा नाय."

"आये, असं कसं होईल? मानूस डबा लावतो तर पाऊस कसा येईल?"

"लाव बघू," धाकू म्हणाला. त्याला कोणाच्या तरी गळ्यात हे घालायचंच होतं. परशुरामने डबा लावला. सगळ्या बाया काम टाकून माना वर करून उभ्या राहिल्या. आवडाबाईने मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं. वॉल्व्ह तापले. सगळे श्वास रोखून आभाळाकडे बघतायत. एक नाही, दोन नाही.

"बघा!" परशुरामला हायसं वाटलं. "उगाच गरिबाला..."

"चला गो, मसाला राहिलाय," हौसाबाई म्हणाली आणि मुसळ उचललं.

धडाड्ड्डुम्म!

आता मात्र गोंधळाला पारावार राहिला नाही. आवडाबाई म्हणाली मुसळामुळे गरजतं. हौसाबाई म्हणाली, माझ्या सासूच्या सासूपासून हेच मुसळ आहे, ते कधी गरजलं नाही. परशुरामला प्लग काढायला लावून मुसळ घालून बघितलं. काही नाही. प्लग लावून मुसळ बाजूला ठेवलं. काही नाही. डबा एकटा असला तर गुणाचा, मुसळ एकटं असलं तर गुणाचं, आणि दोघं एकत्र आले की आभाळ फाटतं.

"सासू-सुनेसारखं हाय," आवडाबाई म्हणाली. जनाबाईने आणि हौसाबाईने तिच्याकडे एकाच वेळी बघितलं.

"कोप झालाय," जनाबाईने निकाल दिला. "गावदेवीला नारल द्या आनि ह्याला घरी धाडा."

अशा वेळी दामाजी जादा फ्यूज घेऊन अंगणात शिरला. त्याला एकदम सगळे सांगायला लागले. धाकू वाऱ्याचं सांगत होता, जनाबाई कोपाचं, आवडाबाई मुसळाचं आणि परशुराम नुसताच "दामाजी, दामाजी" करत होता. दामाजीला कोणाचं काही कळेना. तो आत गेला, डब्याची मागची फळी काढली आणि आतल्या बिस्किटाच्या पत्र्यावर टिचकी मारली.

चिंचेवरून आवाज आला. धडाड्ड्डुम्म!

अंगणात कोणी हललं नाही. जनाबाईचं तोंड "जवला" म्हणायला उघडलं होतं ते तसंच राहिलं. दामाजीने पुन्हा टिचकी मारली. पुन्हा चिंच गरजली.

"अच्छा," दामाजी म्हणाला. "धक्का लागतोय. स्प्रिंगला धक्का लागला की ती अशी बोंबलते. घरी गादीवर होता म्हणून समजलं नाही. इथे मुसळाचा दणका फरशीतून थेट स्प्रिंगला."

"हे मासिकात लिहिलेलं नव्हतं?" परशुरामने रडक्या आवाजात विचारलं.

"लिहिलेलं असणार. पण ते पुढच्या अंकात होतं. तो मला मिळाला नाही."

अख्ख्या अंगणात एकच माणूस खूश झाला. धाकूने दामाजीला कडकडून मिठी मारली. "म्हंजे माझं बरोबर व्हतं! वारा बरोबर, ढग नाय, बगला निवांत!" बाकी बायांचे चेहरे बघवत नव्हते. कोणाचा जवळा कोणाकडे गेला होता याचा अजून पत्ता नव्हता. हौसाबाई मुसळ हातात घेऊनच आत आली.

"काढ ती स्प्रिंग. आत्ताच्या आत्ता. माझ्या डोल्यांदेखत."

दामाजीने स्प्रिंगा काढल्या. त्या गुंडाळून परशुरामच्या खिशात घातल्या. डबा होता तसा झाला, कोरडा.

"आनि हलदीला पोपट येनार," हौसाबाई म्हणाली. "तू मामा म्हनून ये. जेव."

परशुरामला डबा उचलून न्यायचीही लाज वाटली. तो तिथेच टाकून घरी आला. कलावतीने त्याच्या खिशातून स्प्रिंगा काढून घेतल्या आणि पडदे लावले. हे त्याला फार लागलं. लहानपणी सरूला खांद्यावर घेऊन त्याने खाडीकाठी फिरवली होती, तिला पहिली बांगडी त्याने भरली होती, आणि आता तिच्या हळदीला तो पाहुण्यांच्या रांगेत बसून पोपटचा इको ऐकणार होता. दोन रात्री त्याला जेवण गेलं नाही.

इकडे बाळकुमात गोष्ट थांबली नव्हती. आवडाबाईने ती एका घरी सांगितली, त्या घराने पुढच्या घरी. प्रत्येक घरी इको थोडा थोडा मोठा होत गेला. बांधापर्यंत पोचेतो असं ठरलं होतं की इको हा एक प्रकारचा विजेचा गोळा असतो, तो शहाण्या माणसाने घरात आणू नये, आणि जवळा वाळेपर्यंत तर गावातसुद्धा नाही.

हळदीच्या दिवशी भर दुपारी पोपटची पार्टी टेम्पो घेऊन मोहन्याहून आली. कोळीवाड्याच्या तोंडाशी आवडाबाई आणि दहा-पंधरा बाया रस्ता अडवून उभ्या होत्या. पोपटला वाटलं, स्वागताला आल्या. त्याने केसांवरून हात फिरवला.

"तुमच्याकडं इको हाय?" आवडाबाईने विचारलं.

"म्हणजे काय, मावशी! त्यासाठीच तर बोलावलं ना!"

"लय घुमतो?"

"असा घुमतो की अख्खा गाव हादरेल!"

बायांनी एकमेकींकडे बघितलं. "मंग तुम्ही परत जा, बाबा."

पोपटला वाटलं, थट्टा आहे. मग त्याला वाटलं, आपण गाव चुकलो. "मावशी, आमचं मशीन इलेक्ट्रॉनिक आहे, त्यात भिण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. "आणि तुम्हाला नको असेल तर बटण बंद ठेवतो."

"त्यानं पन गिटार लावली नव्हती. तरी गरजला," आवडाबाई म्हणाली. मुळात प्रश्न काय आहे हेच पोपटला कळलं नव्हतं. जिल्हाभर लोक त्याच्याकडे इको मागायचे, आणि इथे इको आहे म्हणून हाकलतायत! तो तसाच टेम्पोत बसून मोहन्याला गेला. वाटेत त्याने दोनदा मशीन उघडून बघितलं म्हणतात.

परशुराम मांडवात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता, नवा सदरा घालून, मान खाली घालून. हौसाबाई धापा टाकत आली.

"परश्या, तुझा डबा हाय ना आत?"

"हाय. पन तो कोरडा हाय, ताय."

"कोरडाच पायजे! ऊठ!"

डबा मांडवात आणला, कर्ण्यांना जोडला, प्लग लावला, वॉल्व्ह तापले. पण बाया तयार होईनात. शेवटी जनाबाई पुढे झाली. तिने मुसळाचं टोक डब्याच्या पाठीवर दाणकन आपटलं. सगळे कानात बोटं घालून उभे. डबा गप्प. तिने पुन्हा आपटलं. गप्प. परशुरामचा जीव वॉल्व्हसाठी तुटत होता, पण तो दात आवळून उभा राहिला.

"शाना झालाय," जनाबाई म्हणाली. "वाजव."

आणि परशुरामने वाजवलं. त्याच्या पार्टीतले बेंजोवाला आणि ढोलवाला पाहुणे म्हणून आलेच होते, ते ताटावरून उठून आले. ठक् म्हटलं की ठक्, घुमणं नाही की विरणं नाही. पण सरस्वती गालांना हळद माखून पाटावर बसल्या बसल्या खांदे उडवायला लागली, मग हौसाबाई नाचली, मग आवडाबाई नाचली, धाकूने डोक्यावर कळशी घेतली आणि चारच्या उन्हात सगळा कोळीवाडा हळदीच्या हातांनी एकमेकांना रंगवत नाचायला लागला. परशुराम इतका खूश होता की त्याला रडू आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "मामा, थांबू नको!" सरू ओरडली. तो थांबणार होता थोडाच!

तेवढ्यात वर गडगडलं.

नाच थांबला. आणि गंमत बघा, वर कोणीच बघितलं नाही. डब्याने गरजवलं तेव्हा सगळ्यांनी आभाळाकडे बघितलं होतं. आता सगळ्यांनी परशुरामकडे बघितलं.

"पुन्हा घातलीस?" हौसाबाई हळदीचे हात कमरेवर ठेवून म्हणाली.

"ताय, देवाशपथ नाय!"

"वन्सं, स्प्रिंगा माझ्या पडद्यात हायेत!" कलावती मधे पडली. "मी माझ्या हातानं ओवल्या!"

"मंग ह्या कुनाच्या पडद्यातल्या?" आवडाबाई ओरडली. पुन्हा गडगडलं. हौसाबाईने मागचापुढचा विचार केला नाही, ती तरातरा गेली आणि तिने प्लग ओढून काढला. वॉल्व्ह विझले. डबा मेला. हौसाबाई प्लग हातात धरून विजयाने वळली.

धडाड्ड्डुम्म! या वेळी चिंच हादरली, कर्णे हादरले आणि मांडवाची कनातही फडफडली.

हौसाबाईने हातातल्या प्लगकडे बघितलं. मग डब्याकडे. मग प्लगकडे. "परश्या," ती हळू आवाजात म्हणाली, "मंग आता कोन वाजवतंय?"

गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच परशुरामच्या डोक्यात कसलाही गोंधळ नव्हता. त्याने गळ्यातली गिटार काढली. "ताय, ह्यो वरचा हाय. ह्याचा प्लग आपल्याकडं नाय. जवला काढा!"

"सकालपासनं वारा फिरलेला," धाकू डोक्यावरची कळशी सावरत पुटपुटला. "ढग पन दिसलेला. मना वाटलं, डबाच असंल."

त्याला शिव्या द्यायला कोणाला वेळ नव्हता. नवरी पाटावरून उठली, करवल्या उठल्या, वऱ्हाडी उठले आणि सगळा मांडव जसाच्या तसा चटयांवर तुटून पडला. हळदीने बरबटलेल्या हातांनी टोपल्या भरल्या, ओच्यात घेतला, परशुरामने नव्या सदऱ्यात घेतला, जेवायला आलेल्या दामाजीने फ्यूजच्या पिशवीत घेतला. पहिले थेंब पडेस्तोवर मूठभरसुद्धा जवळा बाहेर राहिला नाही.

त्या वर्षी पावसाळाभर बाळकुमात ज्या घरी जवळ्याचं कालवण शिजलं, ते हळद न घालताच पिवळं झालं. आणि जेवायला बसल्यावर कोणी ना कोणी पाहुण्याला सांगायचंच, "आमच्या सरूची हलद हाय ही. मामानं वाजवलेली."